तीन-तीन तास

विहीर तिघा भावांची, पण पहिली पाळी थोरल्याची. हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं आणि लिहून ठेवावं असं कुणाला वाटलंही नव्हतं. बावडा गावाच्या अलीकडं, कॅनॉलच्या खालच्या अंगाला या भावकीचा मळा आहे. लाईट आली की आधी आप्पासाहेबांचा वॉल उघडायचा, त्यांचं भिजलं की मधल्या बापूसाहेबांचा, आणि सगळ्यांत शेवटी धाकट्या दीपकचा. दीपक आठ वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून शेवटचा वॉल त्याची बायको कौसल्या उघडते.

शेवटच्या पाळीचं दुखणं जुनंच. लाईट आठवडाभर दिवसा असायची, आठवडाभर रात्री. मधेच गेली, की ज्याची पाळी राहिली त्याची राहिली. राहायची ती कौसल्येचीच. रात्रीच्या आठवड्यात तर ती पहाटे तीनला बॅटरी घेऊन विहिरीवर जायची आणि पुष्कळदा तशीच कोरडी परत यायची. कुणी मुद्दाम करत होतं असं नाही. पण मुद्दाम न करताही माणसं किती करतात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

आप्पासाहेब, म्हणजे घरातले आबा, वाईट माणूस नव्हे. दीपक गेल्यावर त्यांनी धाकट्या भावाच्या जमिनीची एक फूटही सरी आपल्याकडं ओढली नाही, आणि भावकीत हे थोडं म्हणता येत नाही. फक्त धाकट्या भावजयीशी तोंडासमोर बोलायची त्या घरात रीत नव्हती. ते आले की तिनं पदर घेऊन बाजूला व्हायचं. त्यांना तिला काही सांगायचं असलं तर ते हवेत बोलायचे. "धाकटीला म्हणावं, बांधावरची बाभळ तोडायचीय." धाकटी चार हातांवर उभी असायची, तिला सगळं ऐकू यायचं, तरी कुणीतरी तिसरा मान हलवायचा आणि मगच निरोप पोचला असं धरलं जायचं. लग्न होऊन आल्यापासून एकोणीस वर्षं हे असं चाललं होतं आणि त्यात कुणाला काही गैर दिसत नव्हतं. कौसल्येलासुद्धा नाही.

सौरपंपाचं खूळ आणलं आप्पासाहेबांच्या ऋषिराजनं. पोरगा शिकलेला, मोबाईलवर फॉर्म भरण्यात पटाईत. अर्ज आप्पासाहेबांच्या नावानं केला, कारण फॉर्मवर लाभार्थ्याची जागा एकच होती. विहीर सामायिक, म्हणून बाकी दोघांची संमतीपत्रं लागणार होती. तो कागद घेऊन आला तेव्हा कौसल्येनं चुलीवर दूध ठेवलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "दिवसा पाणी मिळंल ना?"

"दिवसाच मिळंल, काकी. रातीचं उठायचं कायमचं बंद."

एवढ्यावर तिनं सही केली, आणि खरं सांगायचं तर आनंदानं केली. तिच्या एक एकर पेरूच्या बागेला आता अंधारात चाचपडत पाणी द्यावं लागणार नव्हतं. ही बाग तिनं दीपक गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी लावली होती. ऊस सोडून बाईमाणसानं फळबाग करू नये, असं सगळी भावकी सांगत होती. तिनं कुणाचं ऐकलं नाही, आणि बाग जगली. आता तिचं घर चालत होतं, लेक बारामतीला शिकत होती, ते या झाडांवर.

दसऱ्याला पॅनेल बसले. बापूसाहेबांच्या बाजूला चिंच, आप्पासाहेबांच्या बाजूला घर, म्हणून बिनसावलीची जागा कौसल्येच्या हद्दीत निघाली. अर्धा गुंठा त्यात गेला. तिनं तो दिला, कारण पाणी दिवसा येणार होतं. जुनी मोटर काढली, जुनं कनेक्शन बंद केलं. मग ऋषिराजनं विहिरीच्या कठड्यावर बसून वाटणी केली. सकाळी आठ ते अकरा आबा, अकरा ते दोन बापूकाका, दोन ते पाच काकी.

"तीन-तीन तास. तराजूत घालून बघा," तो म्हणाला.

सगळ्यांना पटलं. पहिली पाळी थोरल्याची राहिली, तास सारखे झाले, कुणाच्या शब्दाला धक्का लागला नाही. आयुष्यभर विजेवर पाणी काढलेल्या माणसांनी दुसरं काय करावं? विजेचा तास सकाळीही तास आणि पहाटेही तास. उन्हाचा तसा नसतो, एवढी साधी गोष्ट तीन घरांत एकाच्याही डोक्यात आली नाही. शेतकरी माणसं, उन्हात जन्म गेलेला, आणि उन्हाची वाटणी घड्याळानं केली.

दिवाळीपर्यंत निभलं. मार्गशीर्ष लागला, दिवस आखडला, आणि कौसल्येच्या ठिबकच्या नळ्या रुसल्या. दोन वाजता पाणी बरं यायचं. तीनला पहिल्या ओळी भिजायच्या. चारनंतर मागच्या सात ओळींत थेंबसुद्धा पडेना. वर ऊन उतरलेलं, खाली सहा तास उपसून विहीर तळाला गेलेली. डाग आणि कीड लागू नये म्हणून तिनं फळांना फोमची जाळी आणि पिशव्या घातल्या होत्या. रोज संध्याकाळी ती पिशव्या चाचपायची, आणि मागच्या ओळीत आत फळ कमी आणि फोमच जास्त लागायचा. महिन्याभरात माल तोडायचा होता. लिंबाएवढा पेरू कुणी व्यापारी हातात घेत नाही.

तिनं रीतीप्रमाणे ऋषिराजला गाठलं. "आबांना म्हणावं, दोनच्या पाळीला पाणी न्हाय. मागच्या सात वळी सुकाय लागल्यात."

ऋषिराजनं खिशातून मोबाईल काढला. "काकी, तासाला तास दिलाय. हे बघा, ॲपमधी दिसतंय. काल तुमी दोनला चालू केलं, पाचला बंद केलं. तीन तास झालं की."

"तीन तास झालं रं. पाणी कुठं झालं?"

"मग नळ्या चोकअप असतील. ॲसिड सोडा एकदा."

तिनं ॲसिड सोडलं. नळ्या स्वच्छ होत्या. तिच्या मनात आता एकच बसलं, की सकाळचं ताजं, भरल्या विहिरीचं पाणी थोरल्या दिरांनी घ्यायचं आणि उरलंसुरलं आपण, हे काही बदलत नाही. लाईट होती तेव्हाही तेच, सूर्य आला तरी तेच. याच सुमारास मधली जाऊ सारजा दर दोन दिवसांनी तिच्याकडं काही ना काही धाडू लागली. मेथीची जुडी, मक्याची कणसं, एकदा तर पातेलंभर खरवस. सारजा हाताची सढळ म्हणून प्रसिद्ध नव्हती. तरी कौसल्येनं खरवस खाल्ला आणि विचार केला नाही.

पौषात बारामतीहून राजेश्वरी नावाची एक मुलगी आली. पंप बसवलेल्या शेतकऱ्यांकडं जाऊन ते चालतात का, याची पाहणी करायचं तिचं काम. हातात टॅब. ती लाभार्थ्याला भेटायची, आणि लाभार्थी आप्पासाहेब. त्यांना विहिरीजवळ खाटेवर बसवून ती विचारत गेली. कौसल्या कुंपणाच्या अलीकडं गवत कापत होती.

"पंप रोज चालतो का?"

"चालतो."

"पाणी पुरेसं मिळतं का?"

आप्पासाहेब थोडे थांबले. त्यांनी धोतराचा सोगा झटकला. "व्हय. मिळतं."

"एकूण समाधानी आहात?"

"समाधानी."

कौसल्येच्या हातातला विळा थांबला. तिला इतका राग आला की कान गरम झाले. ज्यांना पाणी मिळतंय ते समाधानी, आणि सरकारच्या कागदावर अख्खी विहीर समाधानी. राजेश्वरी गाडीकडं निघाली तेव्हा ती कुंपण ओलांडून आडवी गेली.

"ताई, या विहिरीवर तीन खातेदार हायत. मला का न्हाय इचारलं?"

राजेश्वरीनं टॅब उघडून पुन्हा पाहिला. "इथं एकच नाव आहे, मावशी. पाळी वगैरे असलं यात काही येत नाही. एक पंप, एक शेतकरी, असंच धरलंय."

"आन ज्याचं नाव न्हाय त्यानं?"

मुलगी प्रामाणिक होती. तिनं उगाच काही सांगितलं नाही. "फॉर्ममध्ये मला काही करता येणार नाही. पण तुमची पाळी किती वाजता असते?"

"दोन ते पाच."

राजेश्वरीनं वर पॅनेलकडं पाहिलं, मग पश्चिमेकडं. "तास मोजू नका, मावशी. पाणी मोजा. एखादा बॅरल भरायला किती वेळ लागतो ते वेगवेगळ्या वेळेला बघा, आणि लिहून ठेवा."

फवारणीचा दोनशे लिटरचा निळा बॅरल कौसल्येकडं होताच. त्याच दिवशी तिनं तो आपल्या वॉलखाली लावला. अडीच वाजता बॅरल दीड मिनिटात भरला. चारला चार मिनिटं लागली. पावणेपाचला नऊ मिनिटं झाली तरी गळ्यापर्यंत आला नव्हता. तिनं ते कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलं.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला ती बॅरल ढकलत बापूसाहेबांच्या पाटावर गेली. सारजा तिथं होतीच. "ह्ये काय गं?" तिनं विचारलं. कौसल्या म्हणाली, मोजतीय. बॅरल एका मिनिटाच्या आत भरून सांडला, पाण्यानं कौसल्येचे पाय धुऊन निघाले. मागं बापूसाहेबांचा मका डोक्याच्या वर गेलेला. सारजा पाटाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मी ह्यांना म्हणलं व्हतं, जास्तीचं पाणी आपल्यालाच येतंय ते सांगा म्हणून." कौसल्येला खरवस आठवला आणि तिला रागावं की हसावं ते कळेना.

आता राहिली सकाळची पाळी. तिथं मोजायचं म्हणजे आप्पासाहेबांच्या समोर बॅरल न्यायचा. तिनं आदल्या दिवशी ऋषिराजला निरोप सांगून बघितला. तो म्हणाला, "आबा काय बॅरल लावू देणार न्हाईत, काकी, नादी लागू नका." म्हणून ती तशीच गेली. साडेआठ झाले होते, उसावर दव होतं, थंडी मी म्हणत होती. आप्पासाहेब बांधावर कानटोपी घालून बसलेले. तिनं पदर डोक्यावर घेतला, बॅरल त्यांच्या पाटाच्या तोंडाशी उभा केला आणि मोबाईलवर वेळ पाहिली.

आप्पासाहेब आजूबाजूला बघू लागले. हवेत बोलायचं, पण झेलायला तिसरं कुणीच नव्हतं. "काय चाललंय म्हणावं," ते उसाकडं तोंड करून म्हणाले.

उसानं काही सांगितलं नाही. कौसल्येनंच सांगितलं. "पाणी मोजतीय, आबा."

एकोणीस वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली ते हे तीन शब्द.  पाण्याची धार पाटात पडत होती ती मनगटाएवढीसुद्धा नव्हती. एक मिनिट झालं, दोन झाली, तीन. बॅरल अर्धाही भरला नव्हता. कौसल्येनं मान वर करून पहिल्यांदाच त्यांचा ऊस नीट पाहिला. पाटाच्या तोंडाशी हिरवा होता, आणि मधल्या सरीपासून पुढं पाती पिवळी पडून गुंडाळायला लागलेली. सरीच्या शेवटाला पाणी पोचतच नव्हतं. अकराला कुठं पाण्याला जोर यायचा, आणि अकराला त्यांची पाळी संपायची.

साडेसहा मिनिटांनी बॅरल भरला.

"आबा, तुमचाबी ऊस वाळतोय की," ती म्हणाली. "मग त्या पोरीला समाधानी का सांगितलं?"

त्यांनी कानटोपी काढली, परत घातली. "पयली पाळी मीच मागून घेतली," ते म्हणाले. या वेळी उसाकडं नाही, बॅरलकडं बघून. "आता पाणी न्हाय म्हणलं तर लोक काय म्हणतील?"

महिनाभर जे तिच्या मनात रुतून बसलं होतं ते त्या जागी निघालं. ज्यांनी सगळं लाटलं असं ती धरून चालली होती, ते तिच्याइतकेच कोरडे होते, फक्त मानाच्या जागेवर बसून कोरडे होते. तिला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला, कारण तिच्या बागेचं काय ते अजून राहिलंच होतं.

त्याच संध्याकाळी तिनं तिन्ही घरांना विहिरीवर बोलावलं. ऋषिराजनं आधी तोंड वाकडं केलं. कॅलेंडर उलटं करून तिनं कठड्यावर ठेवलं आणि आकडे वाचून दाखवले. आप्पासाहेबांचा ऊस वाळतोय हे तिनं सांगितलं नाही. फक्त बॅरलची मिनिटं सांगितली.

"पाळी रोज फिरवायची," ती म्हणाली. "आज जो शेवटचा, त्यो उद्या मधला, परवा पयला. समद्यांना भर दुपारचं पाणी तिसऱ्या दिवशी."

बापूसाहेब आतापर्यंत चिंचेच्या बुंध्याला टेकून गप्प होते. हिवाळाभर तीच त्यांची जागा होती. "पण ठरलं व्हतं की आपलं," ते म्हणाले. "माझं काय न्हाय. आबांची पयली पाळी हाय, ती कशी मोडायची? बापजाद्यांपासनं थोरल्याची पयली." थोरल्याच्या मानाची इतकी काळजी त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती. सारजा त्यांच्याकडं बघून म्हणाली, "तुमी जरा गप ऱ्हावा." पण मुद्दा पडला होता. ऋषिराजनं आकडे दोनदा वाचले, मोबाईलवर काहीतरी गुणाकार केला, आणि त्याचा चेहरा उतरला. तरी तोही वडलांकडंच बघत राहिला.

सगळे आप्पासाहेबांकडं बघत होते. फिरती पाळी म्हणजे तीन दिवसांतून एकदा थोरल्यानं शेवटी पाणी घ्यायचं. हे त्यांच्या वडलांनी केलं नव्हतं, आजोबांनी केलं नव्हतं. आप्पासाहेब उठले, चपला घातल्या आणि घराकडं निघून गेले.

कौसल्या बराच वेळ तिथंच बसली. तिनं मनाशी मागच्या सात ओळी सोडून दिल्या. निदान पुढच्या ओळींचा माल नीट निघाला तरी पुष्कळ, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि ते तिला अजिबात पटलं नाही.

सकाळी आठ वाजले, सव्वाआठ झाले, तरी आप्पासाहेबांचा वॉल कुणी उघडला नाही. मग ऋषिराज आला. तो बापूसाहेबांच्या वॉलकडं गेला आणि त्यानं तो उघडला.

"आबा म्हणालं, आज पयली पाळी बापूकाकांची," तो म्हणाला. "मधली काकीची. शेवटची त्यांची."

अकराला कौसल्येनं आपला वॉल फिरवला. भर दुपारचं पाणी तिच्या नळ्यांना माहीतच नव्हतं. पाच मिनिटांत मागच्या ओळींच्या टोकांची चार टोपणं उडाली, पाण्याचे फवारे झाडांवर आणि तिच्या अंगावर. ती चिखलात पळत सुटली, एक टोपण लावतीय तोवर दुसरं उडायचं. सारजा बांधावरून पळत आली आणि दोघींनी मिळून चारही टोकं सुतळीनं आवळून बांधली. त्या दिवशी मागच्या सातही ओळी भिजल्या. कौसल्या झाडाझाडाच्या बुडात बोट खुपसून बघत गेली. सगळीकडं ओल होती.

दोन वाजता आप्पासाहेब आले. त्यांनी आपला वॉल उघडला आणि बांधावर बसले. कौसल्या बागेतलं आवरून परतताना साडेचार वाजले होते. ते तसेच बसून होते. पाण्याची धार बारीक होत होत करंगळीएवढी राहिली होती, मधेच तुटत होती, परत येत होती. पाटातलं पाणी दोन हात पुढं जायचं आणि जमिनीत मुरायचं. ते एकटक तिकडं बघत होते.

ती बाजूनं निघून जाणार होती. त्यांनी मान वर केली आणि सरळ तिच्याकडं बघून विचारलं, "रोज असंच यायचं व्हय?"

"रोज."

"लाईट व्हती तवा?"

"तवा लाईट गेली की कायच यायचं न्हाय."

ते पुन्हा धारेकडं वळले. तिकडं बघतच म्हणाले, "दीपक असताना?"

"तवाबी असंच. ते पहाटे तीनपासनं हितंच बसायचं, तुमी बसलाय तितं."

"मग कधी बोलला न्हाय त्यो मला."

कौसल्या उभी होती ती खाली बसली. एकोणीस वर्षांत त्यांच्यासमोर ती पहिल्यांदा बसली. "तुमाला कसं बोलणार, आबा?" ती म्हणाली. "तुमी थोरलं."

 धार तुटली ती पाचला दहा कमी असताना, आणि तरीही पाच वाजेपर्यंत आप्पासाहेब त्या जागेवरून उठले नाहीत.